पटकीचे विष आणि सदाफुलीचे फूल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे चारच्या सुमारास एका वाडीवरून जीपमध्ये घालून तीस-बत्तीस वर्षांच्या एका बाईला दवाखान्यात आणले. रात्री दहापासून जुलाब आणि उलट्या चालू होत्या. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, मनगटाची नाडी लागेना. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती. ताप मात्र नव्हता, आणि जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होते. सलाईन लावता लावता मी सासूबाईंना विचारले, "रात्रभर हिला काय पाजलंत?" त्या म्हणाल्या, "काय न्हाई डाक्टर. पानी दिलं की लगेच पडतंय, म्हून दिलंच न्हाई. म्हटलं, आतलं इख एकदा समदं जाऊ द्या."

बाई वाचली. आधी बाटल्यांमागून बाटल्या सलाईन आणि नंतर तांब्याने मीठ-साखरेचे पाणी, एवढ्यावर तिसऱ्या दिवशी ती चालत घरी गेली. परंतु सासूबाईंचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते अर्धे अगदी खरे आहे. पोटात विष होते, हे बरोबर. पण पाणी बंद केल्याने ते विष जात नाही, माणूस जातो. असे का होते हे समजून घ्यायचे तर त्या विषाची घडण कशी आहे ते पाहावे लागते. विषय जरा सूक्ष्म आहे. तरीही वाचकांनी कंटाळा करू नये, कारण मीठ-साखरेच्या पाण्याला एवढी किंमत का, याचे उत्तर त्या घडणीतच आहे.

आतड्याला जखम नाही, तरी पाणी वाहते

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणतात. जुन्या माणसांना तिची केवढी धास्ती होती! सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर, असा तिचा झपाटा. म्हणून मरीआईचा गाडा शिवेबाहेर लोटत, आणि पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्यांना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कोलकात्यात या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढून दाखवला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा कॉखचा तर्क होता. परंतु पुढे पाऊणशे वर्षे ते विष कुणाच्या हाती लागले नाही.

अडचण अशी होती की, कॉलऱ्याचे जंतू रक्तात शिरत नाहीत. ते आतड्याच्या पोकळीतच राहतात. मग तासाला एक-एक लिटर पाणी बाहेर पडते तरी कशाने? बराच काळ असे मानत की, आतड्याचे अस्तरच सोलून निघते आणि भाजलेल्या कातडीतून पाझरावे तसे पाणी पाझरते. १९६० च्या सुमारास युजीन गँगरोसा या अमेरिकन डॉक्टरांनी बँकॉक येथे जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा अस्तर धडधाकट निघाले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

विष सापडले ते मात्र आपल्याच देशात. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी एक साधा विचार केला. आजवरचे लोक जंतूंचा अर्क जनावरांच्या कातडीखाली किंवा शिरेत टोचून पाहत होते. पण रोग होतो आतड्यात, तर अर्क आतड्याच्या पोकळीतच का घालू नये? त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने तट्ट फुगला. हे १९५३ साली. पुढे १९५९ साली त्यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून, त्यात एकही जिवंत जंतू उरू न देता, तो तसाच आतड्यात घातला. आतडे तरीही फुगले. म्हणजे काम जंतूचे नव्हते, जंतूने सोडलेल्या विषाचे होते. अशा विषाला जीवविष किंवा टॉक्सिन म्हणतात. एवढा मोठा शोध 'नेचर' या नामांकित नियतकालिकात छापून येऊनही डॉ. डे यांचे त्यांच्या हयातीत आपल्याकडे म्हणावे तसे कौतुक झाले नाही. नोबेल प्रतिष्ठानने १९७८ साली त्यांना अतिसारावरील परिसंवादाला बोलावले, तेव्हा ते नोकरीतून निवृत्त झालेले होते. १९८५ साली ते वारले. सशाचे आतडे, दोरा आणि गाळणी, एवढ्या सामग्रीवर केलेले हे काम मला अजूनही थक्क करते.

पाच पाकळ्या आणि मधून ओवलेला दोरा

यानंतर दहा वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेत फिंकेल्स्टाइन आणि लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते एक प्रथिन निघाले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मणी वीस प्रकारचे. कोणता मणी कितव्या जागी, यावरून माळेची गुंडाळी कशी होणार हे ठरते, आणि गुंडाळीच्या आकारावरून ते प्रथिन काय काम करणार हे ठरते.

हा आकार डोळ्यांनी दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्यासाठी प्रथिनाचे खडीसाखरेसारखे स्फटिक तयार करून त्यांवर क्ष-किरण सोडतात, आणि पलीकडे जे ठिपके उमटतात त्यांवरून गणित मांडून एकेक अणू कुठे आहे ते काढतात. या रीतीने नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे टिटिया सिक्स्मा आणि विम होल यांच्या गटाने १९९१ साली कॉलऱ्याच्या विषाच्या सख्ख्या भावंडाची रचना उलगडली. हे भावंड म्हणजे ई-कोलाय या जंतूच्या काही जाती जे विष सोडतात ते. खुद्द कॉलऱ्याच्या विषाची संपूर्ण रचना अमेरिकेतील झांग आणि वेस्टब्रुक यांच्या गटाने १९९५ साली प्रसिद्ध केली.

ती कशी दिसते? अंगणातली सदाफुली डोळ्यांपुढे आणा. पाच पाकळ्या आणि मध्ये बारीक डोळा. कॉलऱ्याच्या विषाचा खालचा भाग थेट तसाच आहे. एकसारखे पाच तुकडे गोल बसून कडे करतात, आणि मध्ये आरपार भोक असते. या तुकड्यांना 'बी' म्हणतात. प्रत्येक तुकडा १०३ मण्यांच्या माळेचा. सगळ्या कड्याचा व्यास सुमारे ६ नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कड्याच्या वर 'ए' नावाचा एक मोठा तुकडा बसलेला असतो, २४० मण्यांचा. त्याची एक लांब शेपटी सदाफुलीच्या डोळ्यातून दोरा ओवावा तशी मधल्या भोकातून खाली उतरते. त्या शेपटीनेच वरचा तुकडा आणि खालचे कडे एकत्र राहतात. पाच 'बी' आणि एक 'ए' मिळून ७५५ मणी झाले. एवढ्याशा वस्तूने माणसाचे रक्त आटते.

या दोन भागांनी कामे वाटून घेतली आहेत. खरे विष वरचा 'ए'. खालच्या पाच पाकळ्या नुसत्या वाहन. त्या एकट्याच दिल्या तर जुलाब होत नाहीत. म्हणूनच स्वीडनमध्ये होल्मग्रेन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या, तोंडाने घ्यायच्या कॉलऱ्याच्या लशीत मारलेल्या जंतूंबरोबर हा निरुपद्रवी 'बी' भाग घालतात. शरीर पाकळ्यांना ओळखायला शिकले की खरे विष आल्यावर त्याला आतड्याला चिकटू देत नाही.

कुलूप, खोटा पत्ता आणि पळवाट

लहान आतड्याच्या आतल्या पेशींच्या पृष्ठभागावर जीएम-१ नावाच्या स्निग्ध पदार्थाचे बारीक तुरे असतात. प्रत्येक तुऱ्याला पाच शर्करा लागलेल्या. 'बी' पाकळीच्या तळाशी एक खाच आहे आणि तीत या तुऱ्याचे टोक चिमटीत धरल्यासारखे बसते. एका चिमटीने धरलेली वस्तू निसटू शकते, पण इथे पाच पाकळ्यांच्या पाच चिमट्या एकाच वेळी धरतात. त्यामुळे विष एकदा चिकटले की धुऊन निघत नाही. आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे पाहा. कितीही जुलाब झाले तरी चिकटलेले विष त्यांबरोबर बाहेर पडत नाही. थोड्याच वेळात तर ते पेशीच्या आत गेलेले असते.

आत जाण्याचा प्रकार चोराच्या गोष्टीसारखा आहे. पेशी आपल्या पृष्ठभागाचा तो तुकडा विषासकट आत ओढून घेते. 'ए' च्या शेपटीच्या टोकाला चार मण्यांची एक खूण असते. पेशी आपल्या स्वतःच्या काही प्रथिनांना अशीच खूण लावते. तिचा अर्थ 'हा माल कारखान्यात परत पाठवा' असा. म्हणजे विष आपल्याबरोबर खोटा पत्ताच घेऊन येते, आणि पेशीची टपालव्यवस्था त्याला इमानाने प्रथिने घडवण्याच्या कारखान्यात पोचवते. वाटेत, आतड्यातच, 'ए' ची माळ एका ठिकाणी कापली गेलेली असते, तरी गंधकाच्या दोन अणूंचा पूल दोन्ही तुकड्यांना धरून ठेवतो. कारखान्यात हा पूल तुटतो, आणि वरचा तुकडा पाकळ्यांपासून सुटून माळेसारखा उलगडतो.

बिघडलेली प्रथिने बाहेर फेकून मोडीत काढण्याची सोय प्रत्येक पेशीत असते. उलगडलेले विष तिला तसेच बिघडलेले प्रथिन वाटते आणि ती त्याला बाहेर ढकलते. मोडीत काढायच्या प्रथिनावर पेशी जी चिठ्ठी डकवते ती लायसिन नावाच्या मण्यावर डकवते. या तुकड्यात लायसिनचे मणी फारच थोडे आहेत. चिठ्ठी डकवायला धड जागाच नाही! तो सुखरूप बाहेर येतो, पुन्हा गुंडाळला जातो आणि कामाला लागतो.

हा तुकडा विकर आहे, म्हणजे एन्झाइम. पेशीत एक प्रथिन विजेच्या बटणासारखे काम करते. शरीराकडून निरोप आला की ते चालू होते, आणि काही क्षणांत आपले आपण बंद होते. विष त्या बटणाला एक रासायनिक तुकडा कायमचा चिकटवते. बटण दाबून वर चिकटपट्टी मारावी तसे ते चालूच राहते. विकर स्वतः खर्च होत नाही. म्हणून एकच तुकडा एकामागून एक कितीतरी बटणे अशी चिकटवत जातो. परिणामी पेशीत सायक्लिक एएमपी नावाचे द्रव्य साचते. त्यामुळे क्लोराइड बाहेर सोडणारी दारे सताड उघडी राहतात, आणि मीठ आत घेणारे नेहमीचे एक दार बंद होते. क्लोराइडच्या मागोमाग सोडियम आणि सोडियमच्या मागे पाणी. शरीरातले पाणी असे आतड्यात लोटते.

एक दार उघडेच राहते

आता मघाशी ध्यानात ठेवलेली गोष्ट पुन्हा काढा. आतड्याचे अस्तर शाबूत आहे. विषाने पेशी मारल्या नाहीत, फक्त एक बटण अडकवले. आत घेणारे एक दार बंद झाले खरे, पण त्याच पेशींवर आणखी एक दार असते. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडते. हे १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे मांडले. एक ग्लुकोज आणि दोन सोडियम बरोबर आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. कॉलऱ्याचे विष या दाराला हात लावत नाही.

म्हणून नुसते पाणी पाजले तर ते फारसे शोषले जात नाही, नुसते मिठाचे पाणीही नाही. मीठ आणि साखर मिळून दिली की तेच आतडे पाणी आत घेऊ लागते. इकडून गळती चालू, तरी तिकडून भरती चालू. जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि नेमके इथेच घरच्यांचा धीर सुटतो. "पाजून काय उपयोग, तसेच पडतेय" असे त्यांना वाटते. परंतु जुलाब थांबवणे हे या पाण्याचे कामच नाही. पेशी बदलेपर्यंत माणसाला जगवणे, हे त्याचे काम. आतड्याच्या आतल्या पेशी मुळातच अल्पायुषी असतात. तीन ते पाच दिवसांत जुन्या झडून नव्या येतात. विष बसलेल्या पेशीही झडतात आणि रोग आपोआप ओसरतो. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाने तो काळ कमी होतो, एवढेच. गंभीर कॉलऱ्यात उपचार न मिळाल्यास निम्मेही रुग्ण दगावतात. वेळेवर पाणी भरून काढले तर शंभरात एकही सहसा दगावत नाही.

डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली ढाक्यात हे रुग्णांवर सिद्ध केले. खरी परीक्षा झाली ती १९७१ साली, बंगालमध्ये. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्याहून मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून आणल्या, पिंपांत पाणी कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेले देऊन पाजायला बसवले. शंभरात तीसच्या घरात असलेले मृत्यू चारच्या खाली आले. पुस्तकी शास्त्र आणि आईच्या हातातला पेला यांची अशी गाठ क्वचितच पडते. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

घरी काय करावे

औषधाच्या दुकानातली किंवा आरोग्य केंद्रातली ओआरएसची पुडी सर्वांत चांगली. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुडी पेलाभर पाण्यासाठी. पुडीवर वाचून मगच पाणी मोजावे. लिटरची पुडी एका पेल्यात घोळवून पाजलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्याने मुलाच्या रक्तात मीठ वाढून झटके येऊ शकतात. तयार मिळणारी गोड, फळांच्या चवीची पेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांतली जादा साखर उलट आतड्यात पाणी ओढते.

पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा. शीग लावू नये. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी फेकून द्यावे. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरलेले ओतून टाकावे.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, दहा वर्षांपर्यंत अर्धा ते एक कप, मोठ्या माणसाला हवे तितके द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध तोडू नये. भाताची पेज, वरणाचे पाणी, मऊ भात चालू ठेवावा. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मात्र नकोत. वर सांगितलेल्या बटणाचे त्यांना काही करता येत नाही.

प्रत्येक जुलाब कॉलऱ्याचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात आपण ज्याला 'गॅस्ट्रो' म्हणतो त्यात निरनिराळे जंतू असतात. त्यांपैकी ई-कोलायच्या काही जाती तर वर उल्लेख केलेले, पाच पाकळ्यांचेच विष सोडतात. ही दोन विषे शंभरात ऐंशी भागांइतकी सारखी आहेत, आणि मीठ-साखरेच्या पाण्याचे गणित दोन्हींना तेच लागू पडते. शौचात रक्त किंवा ताप असेल तर मात्र प्रकार वेगळा. तिथे आतड्याला खरोखरच इजा झालेली असते आणि औषध वेगळे लागते. तिथेही पाणी पाजत राहायचेच, पण डॉक्टरांकडे जायला उशीर करायचा नाही.

रुग्ण निपचित पडला, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, पाणी पिण्याचीही ताकद उरली नाही, किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब धबाधबा होऊ लागले, तर घरी थांबू नये. गाडी येईपर्यंत, आणि गाडीतसुद्धा, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तेच पाणी घोटाघोटाने पाजत आणावे. एकाच आळीत दोन-तीन घरांत असे रुग्ण दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवावे, म्हणजे विहिरीत वेळेवर टीसीएल पडेल. त्या वाडीवर पडायला सहा दिवस लागले, आणि तोवर आणखी चौघे माझ्याकडे आले होते.